कितीबाई

मंदाताईच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम आमच्या कारखान्याच्या सेकंड शिफ्टमधल्या प्रत्येकीने पाहिलाय, आणि प्रत्येकीचं बोट एकाच फोटोवर येऊन थांबतं. बदलापूरचा हॉल, मागे गुलाबी पडदा, मधे नवरा-नवरी आणि नवरीच्या शेजारी आमच्या बाई. अंगावर जांभळी पैठणी, नाकात नथ, केसांत गजरा, आणि पायांत काळ्या रबराच्या जाड सपाता. डावा हात पाठीमागे असा घट्ट धरलेला, की वाटावं आहेराचं पाकीट लपवलंय. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हात पुढे घ्या ना." बाईंनी त्याच्या लाइटच्या स्टँडकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी त्या उघड्या वायरला टेप लाव. मग घेते." त्याने टेप लावली नाही, बाईंनी हात पुढे घेतला नाही, आणि फोटो आहे तसा अल्बमात लागला.

विजेजवळ एकाच हाताने काम करायचं, दुसरा पाठीमागे ठेवायचा, हा जुना नियम आहे. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. बाईंनी सगळी नोकरी टेक्निकल शाळेत मुलांना हेच शिकवण्यात घालवली, आणि शिकवता शिकवता तो हात पाठीमागेच राहिला. नळ सोडताना पाठीमागे, गेट उघडताना पाठीमागे. सत्यनारायणाला भटजी प्रसाद घेऊन थांबायचे, की बाई आता दुसरा हात उजव्याखाली धरतील. बाई एकच तळवा पुढे करून शांतपणे त्यांच्याकडे बघत राहायच्या. शेवटी भटजीच हरायचे.

कुठल्याही वस्तूला आधी तळहात न लावता हाताची मागची बाजू लावायची, ही दुसरी खोड. फ्रिज असो, कपाट असो, झटका बसला तर हात आपोआप मागे यावा म्हणून. मंदाताईला नात झाली तेव्हा बाई बघायला गेल्या आणि बाळाच्या गालालाही त्यांनी आधी बोटांची मागची बाजूच लावली. मंदाताई म्हणाली, "बाई, घ्या की उचलून, शॉक नाही मारणार." बाई म्हणाल्या, "रडते किती?"

तो शब्द त्यांचा. आमच्यात त्यांचं नाव कितीबाई पडलं ते त्यावरूनच. डोकं दुखतंय म्हटलं की "किती?" सासू त्रास देते म्हटलं की "किती?" उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला गेले, तर भाजीवाला बिचारा म्हणाला, "लो मॅडम, एकदम ताजा है." बाई म्हणाल्या, "कितना ताजा?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच ओशाळले. 'थोडं', 'साधारण', 'बऱ्यापैकी' आणि 'भरपूर' या चार शब्दांना त्यांच्यासमोर बंदी होती. "हे शब्द ज्याला मोजायचं नाही त्याचे," असं त्या म्हणायच्या. हे नाव आपल्याला पडलंय याचाही त्यांना पत्ता होता. एक दिवस टेबलावर डबा ठेवत त्यांनी सरळ विचारलं, "मला कितीबाई म्हणणाऱ्या तुम्ही किती जणी?" सगळ्यांच्या माना डब्यात गेल्या.

आता कारखान्याचं सांगते. अंबरनाथच्या औद्योगिक भागात आमचा गाळा आहे. बादलीत सोडून पाणी तापवायचे रॉड आम्ही बनवतो. नायक्रोमची बारीक तार सळईवर वेटोळी गुंडाळायची, ती नळीत भरायची, वरून पांढरी पूड ठासायची, आणि शेवटी टेबलावर टेस्ट. गुंडाळायचं काम बायकांचं. सकाळच्या शिफ्टला जुन्या बायका, दुपारी दोनच्या शिफ्टला आम्ही, म्हणजे बुवापाड्याच्या चार-पाच, बाकी बदलापूरकडच्या. शेठ उल्हासनगरचे सिंधी, माणूस बोलायला गोड. त्यांच्या मुलाला बाईंनी कधीतरी शिकवलं होतं, म्हणून रिटायर झाल्यावर शेठनी त्यांना सकाळी दहा ते दोन क्वालिटी बघायला बोलावलं. आम्ही शिफ्टच्या आधी अर्धा तास येऊन डबा खायचो. बाईंची निघायची ती वेळ. पण समोर बसलेल्या माणसाला काही न शिकवता घरी जाणं त्यांना जमायचंच नाही.

माझं शिक्षण बारावी, तेही आर्ट्स. शाळेत विजेच्या धड्यात एक त्रिकोण होता. वर व्होल्टेज, खाली करंट आणि रेझिस्टन्स. जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरलेलं ते उत्तर. बाईंनी शिकवायला घेतलं त्या पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत तो त्रिकोण खडूने जमिनीवर काढून दाखवला. बाईंनी रबरी सपातेने तो पुसला. म्हणाल्या, "पत्ते खेळतेयस का, बोट ठेवून? हा रॉड आहे. याला किती दाबाने वीज दिली?"

"दोनशे तीस व्होल्ट."

"त्याच्यातून किती करंट गेला?"

"साडेसहा अँपिअर."

"दोनशे तीस जोर लावावा तेव्हा साडेसहाच जातो. म्हणजे एक अँपिअर न्यायला किती जोर लागतो?"

मी मोबाइल काढला. त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने तो बाजूला सारला. "आधी डोक्यात. मग मोबाइलवर."

मी डोक्यात भागाकार केला, तो आला पस्तीसच्या आसपास. "आसपास"ही त्यांनी खपवून घेतला नाही. पस्तीस पूर्णांक चार ओम, हा त्या तारेचा रेझिस्टन्स. मग दाब आणि करंट यांचा गुणाकार करायला लावला, तो आला पंधराशेला पाच कमी. रॉडच्या डोक्यावर पंधराशे वॅट छापलेलं होतं. वर्षभर मी ते छापील अक्षर बघत होते, आणि ते खरं आहे हे मला त्या दिवशी कळलं. सांगायला लाज कसली, मला फार आनंद झाला होता. घरी जाऊन मी इस्त्री, मिक्सर, टीव्ही सगळ्यांच्या मागे काय लिहिलंय ते वाचत सुटले. नवरा म्हणाला, काय हरवलंय का.

एवढं सुरळीत चाललेलं असताना आमच्यावर बालंट आलं.

टेस्टच्या टेबलावर सावंत सुपरवायझर बसायचे, दोन्ही शिफ्टला अर्धा-अर्धा वेळ. रॉड पाण्यात सोडायचा, बटण दाबायचं, करंटच्या काट्याकडे बघायचं. साडेसहाला काटा गेला की रॉडच्या डोक्यावर हिरवा ठिपका. कमी गेला की लाल ठिपका आणि रॉड कोपऱ्यात. सकाळच्या शिफ्टचे रॉड हिरवे व्हायचे. आमचेही दुपारी सुरुवातीला हिरवे, पण चारनंतर लालच लाल. कोपऱ्यातला ढीग खिडकीपर्यंत पोचला. सावंतांनी शेठना सांगितलं, दुपारच्या बायकांचं लक्ष नसतं, गप्पा मारतात, तार जास्त गुंडाळतात, म्हणून करंट कमी जातो.

एका सोमवारी शिफ्ट सुरू होताना आम्हाला ओळीत उभं केलं. शेठ म्हणाले, "देखो दीदी, मला कोणाच्या पोटावर पाय नाय द्यायचा. पण माल रिजेक्ट होतोय. शनिवारी फैसला करतो. सेकंड शिफ्ट बंद करून ठेकेदाराला काम देऊन टाकतो." सावंत मागून म्हणाले, "मी आधीच बोललो होतो शेठ, यांच्या हाताला वळण नाही."

मंदाताईने वीस वर्षं हीच तार गुंडाळली आहे. आधीच्या कारखान्यात, मग इथे. डोळे मिटून वेटोळी मोजते. ती पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे असताना. मला भयंकर संताप आला. माझ्या घरात तेव्हा माझाच पगार चालू होता आणि तो शनिवारी बंद होणार होता, हे खरं. पण त्याहून 'हाताला वळण नाही' हे मला जास्त लागलं. ते चांगल्यापैकी वळण असलेले हात आहेत.

बाई निघायच्या बेतात होत्या. पर्स खांद्यावर होती. त्यांनी विचारलं, "कमी जातो म्हणजे किती?"

सावंत म्हणाले, "साडेसहाच्या जागी पाच पॉइंट आठ, पाच-नऊ."

"सगळ्यांचा?"

"जवळजवळ सगळ्यांचा."

बाईंनी पर्स खाली ठेवली. "दहा जणी चुकल्या तर दहा तऱ्हेने चुकतील. सगळ्या सारख्याच कशा चुकतात?" असं म्हणून त्या पहिल्यांदाच दुपारनंतर थांबल्या. त्या दिवशी त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलंच नाही. शेडमधून नुसत्या फिरत होत्या. चार वाजता चहा आला. मी कपाळाचा घाम पुसत म्हटलं, "या टायमाला मेला पंखा पण नीट फिरत नाही."

बाई थांबल्या. "किती?"

"आता काय सांगू बाई. सकाळच्या बायका म्हणतात पंख्याने केस उडतात. आमची संध्याकाळी पाती मोजता येतात."

त्यांनी वर पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्समधून आपला छोटा मीटर काढला, डावा हात पाठीमागे घेतला, भिंतीवरच्या सॉकेटला मीटरच्या दोन्ही सुया उजव्या हाताच्या बोटांनीच काड्या धरतात तशा लावल्या, आकडा बघितला आणि मीटर पुन्हा पर्समध्ये टाकला. उरलेला चहा प्यायल्या आणि जाताना सावंतांना एवढंच म्हणाल्या, "शेठना शनिवारी साडेचारला यायला सांगा. सकाळी नको." घरी जाताना त्या गुणगुणत होत्या असं वॉचमनने सांगितलं, पण वॉचमनवर माझा विश्वास नाही.

शनिवार आला. शेठ आले. आम्ही पुन्हा ओळीत, यावेळी न सांगता. बाईंनी तयार मालाच्या खोक्यातून एक रॉड उचलला, त्याच्या डोक्याला फडकं गुंडाळलं आणि पाण्याच्या टाकीत सोडला.

"सावंत, जरा टेस्ट करा."

सावंतांनी बटण दाबलं. काटा पाच-आठवर जाऊन थांबला. "रिजेक्ट," ते म्हणाले. "बघा शेठ, हेच. सेकंड शिफ्टचा."

बाईंनी बटण बंद केलं, फडकं सोडलं. डोक्यावर हिरवा ठिपका होता. सकाळचा, सावंतांच्या हातचा.

"मध्येच तार ढिली पडली असेल," सावंत म्हणाले.

बाईंनी त्यांनाच खोक्याकडे पाठवलं. "तुमच्या पसंतीचा आणा." त्यांनी आणला. पाच-आठ. आणखी एक आणला. पाच-आठ. पुढचा आणायला ते गेले नाहीत. शेठ एकदा खोक्याकडे, एकदा ढिगाकडे बघत होते. "मॅडम, ये क्या है? सुबह का माल भी खराब?"

"माल ठीक आहे. मला सांगा, टेस्टच्या टेबलाला दोन काटे असतात. एक करंटचा. दुसरा कुठे आहे?"

सगळे टेबलाकडे पाहू लागले. करंटच्या मीटरच्या शेजारी देवीचा फोटो होता, चौकटीतला, कुंकू लावलेला. गेल्या दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा तिथल्या एका स्क्रूला कोणीतरी तो अडकवला होता. स्क्रू होता व्होल्टच्या मीटरचा. तो काटा कायम दोनशे तीसवरच असतो असं सगळे धरून चालायचे, त्यामुळे देवीने तो झाकला तरी कोणाचं काही अडलं नाही. आणि पूजेचा फोटो तिथून हलवायचा कोणी? फोटो लावला कोणी ते तर आजही कोणी कबूल करत नाही.

बाई पुढे झाल्या तशी मंदाताई म्हणाली, "बाई, देवीला नका हलवू. आधीच दिवस वाईट आहेत."

"हलवत नाही गं. बसायला चांगली जागा देते."

त्यांनी मेन स्विच बंद केला. सपाता काढून बाजूला ठेवल्या. मग त्यांचा डावा हात पाठीमागून पुढे आला. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. दोन्ही हातांनी त्यांनी फोटो उचलला, कपाळाला लावला आणि वरच्या फळीवर ठेवला. मग सपाता घातल्या, हात पुन्हा जागेवर गेला, स्विच चालू झाला. काचेवरची धूळ त्यांनी फडक्याने पुसली. आतला काटा दोनशे पाचवर होता.

"मागच्या गाळ्यातली नवी भट्टी दुपारी चारला लागते," बाई म्हणाल्या. "ती लागली की या लाइनचा दाब पडतो. पूर्वी पिवळे बल्ब होते, ते दाब पडला की मंद व्हायचे, कोणालाही कळायचं. आता एलईडी आले, ते मंद होत नाहीत. कळलं ते फक्त पंख्याला. आणि हिला."

हिला म्हणजे मला. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "भाग दे. दोनशे पाचला पाच-आठने. डोक्यात."

शेठ, सावंत, सगळी शिफ्ट, आणि मी आर्ट्सवाली जमिनीवर उकिडवी बसलेली. सहाने भागलं तर चौतीस आणि वर थोडं. पाच-आठ सहाहून कमी, म्हणजे उत्तर चौतीसहून जास्त. मी खडूने मांडत गेले. पस्तीस पूर्णांक तीन. शेजारी सकाळचं मांडलं, दोनशे तीस भागिले साडेसहा. पस्तीस पूर्णांक चार. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आल्यावर माझ्या अंगावर काटा आला. दाब खाली आला होता, करंट त्याच्याबरोबर खाली आला होता, आणि तार जागची हलली नव्हती. आम्ही गुंडाळलेली तार.

"आता गुणाकार."

दोनशे पाच गुणिले पाच-आठ, अकराशे एकोणनव्वद. बाई शेठकडे वळल्या. "पंधराशेचा रॉड या वेळेला एवढंच तापवणार. सकाळच्या शिफ्टचाही, दुपारचाही. गिऱ्हाइकाच्या घरी दाब नीट असेल तिथे पंधराशेच देईल."

शेठच्या डोक्यात अजून अर्धंच उतरलं होतं. तेव्हा मंदाताई पुढे आली. "शेठ, आमच्या बुवापाड्याला सकाळी नळाला जोर असतो, हंडा पटकन भरतो. दुपारी करंगळीएवढी धार. म्हणून हंड्याला कोणी शिव्या देतं का?"

शेठ पोट धरून हसले. "अरे साईं, हम तो हंडे को गाली दे रहे थे." सावंत हसले नाहीत, पण त्यांनी आपली खुर्ची सरकवून बाईंना दिली. हे त्यांना सोपं गेलं नसणार, म्हणून मी ते मुद्दाम सांगते.

मग तो ढीग. बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, आजच्या आज सगळे तपासायचे, आणि तपासणार तुम्ही. एकीने रॉड सोडायचा, एकीने व्होल्ट वाचायचे, एकीने अँपिअर, बाकीच्यांनी भागाकार. पहिले काही रॉड शेठ उभे राहून बघत होते, मग तेही आकडा ओरडून सांगू लागले. लाल ठिपके पुसून हिरवे होत गेले. खिडकी पुन्हा दिसायला लागली. खरोखर बिघडलेले रॉड बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि त्यातला एक माझा होता, नळीवरची खूण माझीच. मी तो हळूच बाजूला सारत होते. बाईंनी विचारलं, "कोणाचा?" मी म्हटलं, "माझा." "किती ओम?" "एकोणचाळीस." "तार जास्त गुंडाळलीस," त्या म्हणाल्या आणि पुढचा रॉड मागितला. तेवढ्यावर ते संपलं.

आज दुपारच्या शिफ्टला त्या टेबलावर मी बसते. दोन्ही काचा मी रोज पुसते. देवी वरच्या फळीवर आहे, दसऱ्याला तिला मोठा हार असतो, आणि कोणी नवीन मुलगी भक्तीने काही खाली लटकवायला गेली तर सावंतच ओरडतात. बाई आता येत नाहीत, गुडघे दुखतात. किती, ते त्या फोनवर सांगतात, दहापैकी.

पण त्या शनिवारचं शेवटचं राहिलं. शेठनी सेकंड शिफ्ट चालू राहील असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि ठेकेदाराला तिथूनच फोन लावून नाही म्हटलं. आम्ही हात धुवायला निघालो. सगळ्यांची बोटं पांढऱ्या पुडीने आणि हिरव्या रंगाने माखली होती. बाई आमच्याकडे बघत दारात उभ्या होत्या. त्यांनी आजवर आम्हाला शाबासकी अशी दिली नव्हती. घसा खाकरून म्हणाल्या, "चांगलं काम करता तुम्ही."

मंदाताईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि सगळ्या शिफ्टने एका सुरात विचारलं, "किती?"

बाईंनी टेबलावरच्या दोन्ही काट्यांकडे पाहिलं, हिरव्या ठिपक्यांच्या राशीकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. उत्तर शोधताना त्यांना मी तेव्हाच पाहिलं. डावा हात पाठीमागून सुटून केव्हा पुढे आला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"भरपूर," त्या म्हणाल्या.